मालमोटारीचें ओझें आणि वजनकांटा



मालमोटार, म्हणजे जिला आपण नित्याच्या बोलण्यांत ट्रक म्हणतों ती, शेजारून जाऊं लागली म्हणजे आपलें लक्ष तिच्या पाठीवरील शेरांकडे किंवा पुढें टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे जातें. तिच्या कुशीवर, चालकाच्या दाराजवळ, लहान अक्षरांत कांहीं आंकडे रंगविलेले असतात, ते फारसें कोणी वाचीत नाहीं. त्यांतला एक आंकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा असतो आणि दुसरा, मालासकट तिचें एकंदर वजन किती होऊं द्यावयाचें, याचा. या दुसऱ्या आंकड्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तो कशाच्या आधारावर ठरतो, हें सांगणारच आहें; पण तो पाळला जातो किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं जे वजनकांटे आपण बसविले, त्यांचा खरा उपयोग किती होतो, हा माझा मुख्य विषय आहे.

रस्ता खराब झाला कीं आपण दोघांना दोष देतों, पावसाला आणि ठेकेदाराला. दोघेही पुष्कळदां दोषी असतात. परंतु या पापाचा आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे चाकाखालीं येणारा भार. येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. रस्त्याला गाडीचें एकंदर वजन कळत नाहीं. त्याला कळतो तो एकेका आंसावरचा भार. आंस म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा दांडा. बैलगाडींत आपले शेतकरी त्याला आंख म्हणत, मोटारवाले ॲक्सल म्हणतात. वीस टनांची गाडी दोन आंसांवर उभी असतां रस्त्याला जितकी बोंचते, त्याहून चार आंसांवर उभी असतां पुष्कळच कमी बोंचते. चिखलांत नुसत्या टांचेवर उभें राहणें आणि फळी टाकून तिच्यावर उभें राहणें, यांत जो फरक तोच येथें आहे.

आतां आंसावरचा भार वाढला तर रस्त्याची नासाडी किती वाढते? दुप्पट भार तर दुप्पट नासाडी, अशी आपली साधी समजूत असते. तसें असतें तर या विषयावर बोलण्याचें फारसें कारण उरलें नसतें. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत ऑटावा नांवाचें एक गांव आहे. कॅनडाची राजधानी ती निराळी. तेथें १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील राज्यांच्या महामार्ग-अधिकाऱ्यांच्या संस्थेनें एक प्रचंड प्रयोग केला. कमीअधिक जाडीच्या डांबरी व काँक्रीटच्या सडका मुद्दाम वळसे घालून बांधल्या, प्रत्येक वळशावर ठरलेल्या भाराच्याच मालमोटारी सोडल्या, आणि लष्करांतील जवानांना चालक नेमून त्या दोन वर्षें एकसारख्या फिरविल्या. वाहतूक सोडलेल्या प्रत्येक सडकेवरून अकरा लाखांहून अधिक वेळां आंस गेले. कोणती सडक किती फेऱ्यांनंतर फुटली, याची काटेकोर नोंद ठेवली गेली. त्या नोंदींतून जें गणित निघालें त्याचा मथितार्थ असा, कीं रस्त्याची झीज आंसावरील भाराच्या सुमारें चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते. रस्त्याच्या जातीप्रमाणें हा घात थोडा इकडेतिकडे होतो. पण इंजिनियर लोक मोटमापासाठीं चारच धरून चालतात.

शाळेंत मुलांना घातांक शिकवितांना मला नेहमीं एक अडचण येई. वर्गाचें चित्र फळ्यावर काढतां येतें, घनासाठीं खडूचा डबा पुढें धरतां येतो. चतुर्थ घात मात्र दाखवितां येत नाहीं. आज मला कोणी विचारलें तर मी त्याला एखाद्या जड वाहतुकीच्या रस्त्यावर नेईन. भार सव्वापट झाला तर नासाडी जवळजवळ अडीचपट होते. दीडपट झाला तर पांचपट. दुप्पट झाला तर सोळापट. आपल्या घरगुती मोटारीच्या एका आंसावर अर्धा टन भार धरला आणि मालमोटारीच्या आंसावर दहा टन धरला, तर त्या एका आंसाच्या एका फेरीइतकी झीज करण्यासाठीं छोट्या मोटारीच्या आंसाला १,६०,००० फेऱ्या घालाव्या लागतील. म्हणजे आपली मोटार रस्ता झिजवीत नाहीं म्हटलें तरी चालेल. ती फक्त तो अडविते.

आपल्याकडेही रस्त्याची जाडी ठरवितांना हेंच गणित वापरलें जातें. देशांतील रस्त्यांचा एकत्र विचार व्हावा म्हणून १९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली होती. पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून आपण ज्यांना ओळखतों तेच हे जयकर. त्या समितीच्या कार्यांतून पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-इंजिनियरांची संस्था उभी राहिली, आणि तिचीच मानकें आज आपल्याकडे चालतात. त्यांत ८.१६ टनांचा, म्हणजे मूळच्या अमेरिकन हिशेबानें अठरा हजार पौंडांचा, आंस हें माप धरलेलें आहे. अमुक वर्षांत असे किती प्रमाण आंस या रस्त्यावरून जातील याचा अंदाज करून खालच्या खडीचे आणि वरच्या डांबराचे थर किती जाड घालावयाचे तें ठरतें. अंदाज चुकला आणि आंस जड निघाले, तर पंधरा वर्षांचा रस्ता पांच वर्षांतच म्हातारा होतो. जड आंसाखालीं डांबरी थर किंचित् वांकतो व पुन्हां सरळ होतो. लाखों वेळां असें झालें कीं त्याच्या तळाशीं बारीक भेगा पडतात व त्या हळूहळू वर येतात. मग पावसाचें काम सुरू होतें. देशावरच्या काळ्या मातींत पाणी मुरलें कीं ती फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि वरचा रस्ता निराधार होतो. खड्डा आपल्याला जुलै महिन्यांत दिसतो, पण त्याचें बीज त्याच्या कित्येक वर्षें आधीं पडलेलें असतें.

यावर व्यापाऱ्यांची एक शंका असते, व ती अगदीं टाकाऊ नाहीं. एका फेरींत दीडपट माल नेला तर फेऱ्या कमी होतात. मग रस्त्याचें नुकसान शेवटीं तेवढेंच नाहीं का? हिशेब करून पाहूं. दोन आंसांच्या गाडीला मालासकट १८.५ टनांची मर्यादा आहे. गाडीचें स्वतःचें वजन सात टन धरलें तर माल साडेअकरा टन बसतो, आणि मागच्या आंसावर साडेअकरा टनांच्या जवळपास भार येतो. माल दीडपट, म्हणजे सव्वासतरा टन भरला, तर मागच्या आंसावर निदान पंधरा टन येतील. साडेअकराचे पंधरा झाले म्हणजे एका फेरीची नासाडी जवळजवळ तिप्पट झाली. फेऱ्या दोनतृतीयांश राहिल्या. तिपटीला दोनतृतीयांशानें गुणलें कीं उत्तर दुप्पट येतें. तोच माल, तोच रस्ता, आणि झीज दुप्पट. व्यापाऱ्याची बचत त्याच्या वहींत दिसते. ही दुप्पट झीज कोणाच्याच वहींत लिहिली जात नाहीं, ती आपण सर्व जण कराच्या रूपानें भरतों.

रस्ता तर दुरुस्त करतां येतो. घाटांत मात्र प्रश्न जिवाचा असतो. बोरघाटांतून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना गाडी सुमारें पांचशें मीटर खालीं येते. उंचीवर असतांना तिच्यांत जी शक्ति सांठलेली असते ती कोठें तरी जावी लागते. हवेचा व चाकांचा विरोध कांहीं भाग खातो. उरलेली सारी इंजिनाच्या आणि ब्रेकच्या वांट्यास उष्णतेच्या रूपानें येते. तीन आंसांच्या २८.५ टनी गाडीसाठीं ही एकंदर उष्णता मोजली तर तिनें न्हाणीघरांतलें चारशें लिटर थंड पाणी उकळीला आणतां येईल. मर्यादेवर आणखी दहा टन चढविले तर त्यांत सुमारें दीडशें लिटरांची भर पडते. ब्रेक तापले कीं त्यांची पकड सैल होते, आणि चालकाला तें कळतें तेव्हां पुढचें वळण आलेलें असतें. जादा ओझें नेणाऱ्या गाड्यांना पुष्कळदां स्प्रिंगचा एखादा पाटा वाढवून घेतात. पाटा वाढविल्यानें गाडी बसत नाहीं, दिसावयाला ती भक्कम दिसते. पण ब्रेक होते तेवढेच राहतात. हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

कायद्याचें म्हणाल तर मर्यादेची कल्पना नवी नाहीं. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यांत ती होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या कायद्यांतही आहे. मर्यादेचे आंकडे मात्र बदलत आले. जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें ते बरेच वाढविले. चार टायरांच्या एकेरी आंसाला पूर्वीं १०.२ टन मुभा होती, ती ११.५ झाली, जोड आंसाला १९ च्या ऐवजीं २१ टन झाली. दोन आंसांची गाडी १६.२ वरून १८.५ टनांवर गेली, आणि तीन आंसांची २५ वरून २८.५ वर. वाहतुकीचा खर्च कमी व्हावा, हा त्यांतला हेतु होता. तो हेतु समजण्याजोगा आहे. तरी चतुर्थ घात येथेंही सुटत नाहीं, १०.२ चे ११.५ केले म्हणजे आंसाच्या एका फेरीची झीज दीडपटीहून अधिक होते. आणि मर्यादा वाढविली म्हणून मर्यादा ओलांडण्याचा मोह कमी होतो, असें मला तरी वाटत नाहीं. कुंपण चार पावलें पुढें सरकविलें तरी चरणारें जनावर कुंपणापाशींच येऊन उभें राहतें.

आतां वजनकांट्याकडे वळूं. उत्तर हिंदुस्थानांत याला धर्मकांटा म्हणतात, आणि महाराष्ट्रांतही हमरस्त्यावरच्या पाट्यांवर तें नांव वाचावयास मिळतें. नांव मोठें सुंदर आहे. पण आपल्याच भाषेंत ‘कांटा मारणें’ हाही वाक्प्रचार आहे, आणि ऊंस घेऊन कारखान्याच्या दारीं उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. वजन करून गाडी अडविण्याची युक्ति इंग्लंडांत अठराव्या शतकांतच निघाली. तेथें १७४१ सालीं पार्लमेंटनें टोलरस्त्यांच्या मंडळांना वजनयंत्रें उभारण्याचा, आणि ठराविक वजनापेक्षां जड गाड्यांकडून जादा आकार घेण्याचा अधिकार दिला. आरंभींच्या यंत्रांत सबंध गाडी सांखळ्यांनीं उचलून टांगावी लागे. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या जॉन वायट यानें तरफा एकमेकींत गुंतवून असा कांटा बनविला, कीं गाडी नुसती फळ्यांवर येऊन उभी राहिली तरी लहानशा वजनानें तिचा तोल साधतां यावा. पुढें १७५३ सालीं जड गाड्यांना नऊ इंच रुंद धांवेचीं चाकें लावण्याचा कायदा झाला. भार रुंद जागेवर पसरावा, हेंच त्यांतलें तत्त्व. आज आपण चाकें रुंद न करतां आंस वाढवितों, एवढाच फरक.

हल्लींच्या कांट्यांत तरफा राहिल्या नाहींत. पोलादी फलाटाखालीं कोपऱ्यांत धातूचे जाड ठोकळे असतात. भार पडला कीं ते केसाहूनही कमी दबतात, त्यांना चिकटविलेल्या बारीक तारांचा विजेचा विरोध बदलतो, आणि त्या बदलावरून वजनाचा आंकडा खोलींतल्या पडद्यावर उमटतो. हे कांटे ठराविक मुदतीनें वैधमापन खात्याकडून तपासून त्यांवर मोहोर उठवून घ्यावी लागते. दुसरी जात चालत्या गाडीचें वजन करणाऱ्या यंत्रांची. तीं टोलनाक्यांच्या मार्गिकेंत रस्त्याखालींच बसविलेलीं असतात, आणि एकेक आंस वरून जातां जातां त्याचा भार टिपतात. गाडी उसळली, चालकानें मध्येंच ब्रेक दाबला किंवा एकदम वेग दिला, तर हा आंकडा बिघडतो. म्हणून वादाच्या वेळीं शेवटचा निवाडा उभ्या कांट्यावरच करणें बरें. चालकांना या साऱ्या खुब्या ठाऊक असतात. एक चाक फलाटाच्या बाहेर राहील अशी गाडी उभी करणें ही त्यांतली सर्वांत जुनी. नव्या मोठ्या गाड्यांत मधला एक आंस वर उचलून घेण्याची सोय असते. रिकामी गाडी परत नेतांना टायर वाचावेत म्हणून ती केलेली आहे. भरलेल्या गाडीचाही तो आंस कांहीं जण उचलूनच ठेवतात. अशा वेळीं एकंदर वजन कायद्यांत बसतें आणि रस्ता मात्र चिरडला जातो. कांटा मर्यादा पाळली असें सांगतो, कारण त्याला प्रश्नच अर्धा विचारलेला असतो.

मग हे कांटे किती कडक आहेत? कागदावर पाहिलें तर बरेच कडक आहेत. १९८८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमानें अधिकाऱ्याला असा अधिकार दिला आहे, कीं संशय आल्यास त्यानें गाडी कांट्यावर न्यावयास लावावी. मात्र तो कांटा पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आंत, किंवा गाडीच्या मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आंत असला पाहिजे. वजन जास्त भरलें तर जादा माल तेथेंच उतरवून घ्यावा, तो उतरेपर्यंत गाडी हलवूं नये, आणि त्या मालाची जोखीम गाडीकडेच राहावी, असें तें कलम सांगतें. दंडाचें कलम १९४ वें. पूर्वीं त्यांत २,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागें १,००० रुपये असा दंड होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो २०,००० रुपये आणि टनामागें २,००० रुपये असा झाला. पांच टन जास्त असतील तर पूर्वीं ७,००० रुपये पडत, ते आतां ३०,००० पडतात. गाडी थांबवून वजन करूं न देणाऱ्याला तर ४०,००० रुपयांचा दंड सांगितला आहे. शिवाय चालक हा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानेंच घडला असें न्यायालयाला गृहीत धरतां येतें. इतक्या स्पष्ट शब्दांचा कायदा सहसा सांपडत नाहीं.

व्यवहारांत मात्र या कायद्याचे दोन तुकडे पडतात. दंडाचा तुकडा पाळला जातो. माल उतरविण्याचा तुकडा बाजूला राहतो. एका काळीं तर कित्येक राज्य-सरकारांनींच ठरीव रक्कम घेऊन जादा ओझ्याचे परवाने द्यावयास आरंभ केला होता. पैसे एकदां भरावेत आणि मुदत संपेपर्यंत जास्त माल खुशाल न्यावा, अशी ती योजना. तो वाद परमजित भसीन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि नोव्हेंबर २००५ मध्यें न्यायालयानें निःसंदिग्ध निकाल दिला: तडजोडीची रक्कम भरल्यानें झालेल्या गुन्ह्याचा निकाल लागतो, पुढें तोच गुन्हा करीत जाण्याचा परवाना मिळत नाहीं, जादा माल उतरविलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तींतही, माल उतरविल्यावांचून गाडी हलूं देऊं नये, हें पुन्हां लिहिलें गेलें. एकच गोष्ट कायद्याला इतक्या वेळां सांगावी लागते, यावरूनच ती किती होते याची कल्पना यावी.

अर्थात् अधिकाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. रात्रीं दोन वाजतां कांट्यावर लासलगांवच्या कांद्याची गाडी आली आणि ती चार टन जास्त भरली. कांदा उतरवून ठेवावयाचा कोठें? हमाल कोण आणणार? पाऊस आला तर नासाडीला जबाबदार कोण? कायदा म्हणतो, गाडी जबाबदार. पण त्या चार टनांपुढें रात्रभर पहारा कोणी करावयाचा, हें कायद्यांत नाहीं. पोलादाचें एकसंध वेटोळें असेल तर तें उतरविण्यास यारी लागते. दुधाचा टँकर असेल तर जादा दूध कशांत ओतावें? सिमेंटचीं पोतीं भिजलीं तर कामांतून जातात. उतरविलेला माल नेण्यासाठीं दुसरी रिकामी गाडी लागते, आणि ती त्या वेळीं मिळत नाहीं. मग दंडाची पावती फाडली जाते, आणि गाडी तशीच पुढच्या घाटाला लागते. सरकारच्या तिजोरींत पैसे जमा होतात, अहवालांत कारवाई वाढलेली दिसते. आणि रस्त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर कांहींच घडलेलें नसतें. म्हणून कांट्याची कडक शिस्त वसूल दंडावरून मोजूं नये असें मी म्हणतों. त्या कांट्याशेजारीं माल ठेवण्याची शेड आहे काय, हमाल आहेत काय, आणि वर्षाकाठीं तेथें किती टन माल प्रत्यक्ष उतरला, हें विचारावें. टोलनाक्यावरील यंत्रांचेंही तेंच. नाक्यावरचा नोकर परिवहन खात्याचा अधिकारी नव्हे. त्याच्या पडद्यावर जास्त वजनाचा आंकडा उमटला तरी त्याच्या हातीं पथकर घेण्यापलीकडे फारसें कांहीं नसतें.

माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यांत आहे. त्याच्या दोन गाड्या आहेत. ‘तूं तरी जास्त भरीत नाहींस ना?’ असें मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, पासिंगप्रमाणें भरलें तर व्यापारी पुढच्या खेपेला बोलावीत नाहीं. तो म्हणतो, अमका त्याच भाड्यांत चार टन जास्त नेतो, तुमचे लाड कशाला?” त्यानें मला खेपेचा हिशेबही समजावून दिला. भाडें टनावर मिळतें. गाडीचा हप्ता, विमा, टोल, चालकाचा व क्लीनरचा भत्ता हीं सारीं खर्चाचीं कलमें गाडी अर्धी भरली तरी तेवढींच, आणि दीडपट भरली तरी तेवढींच. डिझेल थोडें जास्त जळतें, टायर लवकर जातात. तरी वरच्या प्रत्येक टनाचें भाडें बहुतेक निव्वळ नफ्यांत जमा होतें. दहांपैकीं चार जणांनीं जास्त भरलें कीं बाजारांतला टनाचा दर उतरतो, आणि मग उरलेल्या सहा जणांना पासिंगवर गाडी परवडत नाहीं. दंड मोठा केल्यानें हें चक्र थांबतेंच असें नाहीं. सगळ्यांचीच गाडी अडत असेल, तर तो थांबवितो. दहांतल्या एकाचीच अडत असेल, तर मोठ्या दंडामुळें रस्त्यावरच आपसांत मिटविण्याचा भाव तेवढा वाढतो. मर्यादा पाळणाऱ्या वाहतूकदाराला कांट्याचा जाच वाटत नाहीं. कांटा सर्वांना सारखा लागत नाहीं, याचाच त्याला जाच होतो.

या बाबतींत समुद्रानें रस्त्याच्या पुष्कळ आधीं धडा घेतला. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत जुनीं जहाजें वाजवीपेक्षां जास्त भरून, विमा उतरवून, समुद्रांत सोडलीं जात. बुडालीं तर मालकाचें फारसें जात नसे, जात ते खलाशी. सॅम्युएल प्लिमसॉल नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें यावर रान उठविलें, आणि १८७६ च्या कायद्यानें जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढणें सक्तीचें झालें. ही रेषा पाण्याखालीं गेली कीं जहाज जास्त भरलें, हें धक्क्यावरच्या पोरालाही कळावें. गंमत अशी, कीं रेषा काढणें सक्तीचें झालें तरी ती कोठें काढावी हें मालकावरच सोपविलें होतें. एका कप्तानानें ती धुराड्यावर काढल्याची कथा सांगतात. १८९० मध्यें कायदा सुधारून तिची जागा नक्की केली, तेव्हां ती रेषा खरी झाली. अलीकडचें उदाहरण सांगावयाचें तर १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानें निर्यातीची प्रत्येक पेटी, म्हणजे कंटेनर, जहाजावर चढण्यापूर्वीं तोललेली असावी लागते, आणि वजनाचा दाखला माल पाठविणाऱ्यानें द्यावयाचा असतो. दाखला नसेल तर न्हावाशेव्यासारख्या बंदरांत ती पेटी जहाजावर चढत नाहीं. येथें वजन वाटेंत होत नाहीं, निघण्यापूर्वीं होतें. आणि उत्तर पेटी भरणाऱ्याला द्यावें लागतें, वाहून नेणाऱ्याला नव्हे.

मालमोटारीच्या बाबतींतही हें अशक्य नाहीं, कारण तिचें वजन मुळीं गुप्त नसतेंच. खाण, साखर कारखाना, सिमेंटची गिरणी, लोखंडाचें गोदाम, कोठूनही माल निघतांना त्याचें वजन होतेंच, कारण पैसे त्यावरच ठरतात. गाडी जास्त भरली आहे हें विकणाऱ्याला ठाऊक असतें, घेणाऱ्याला ठाऊक असतें, चालकाला तर असतेंच. कायद्याचे शब्द नुसते ‘चालविणारा’ असे नाहींत. चालवावयास लावणारा किंवा चालवूं देणाराही त्यांत आहे. मग पहांटे महामार्गावर चालकाची वाट अडविण्यापेक्षां गोदामाच्या दारांतल्या कांट्याची वही तपासणें हें अधिक सोपें, आणि मला वाटतें अधिक न्यायाचेंही आहे. तेथें जादा माल उतरविण्यास जागा असते, हमाल असतात, आणि पाऊस आला तर छप्पर असतें.

एक माल मात्र या हिशेबांतून सुटतो, आणि त्याचा आपल्यासारख्या गृहस्थांशीं प्रत्यक्ष संबंध येतो. घर बांधतांना आपण वाळू किंवा खडी मागवितों ती टनावर नव्हे, ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिक मापानें २.८३ घनमीटर. कोरडी वाळू ब्रासला सुमारें साडेचार टन भरते. ओली असेल तर पांच टनांच्या वर जाते. दोन आंसांच्या १८.५ टनी गाडींत रिकामें वजन वजा जातां साडेअकरा टन, म्हणजे अडीच ब्रासच कोरडी वाळू बसते. आपण सहज ‘तीन ब्रास पाठवा’ म्हणतों. कोरडी असेल तर ती साडेतेरा टन झाली, आणि ओली असेल तर पंधरा-सोळा. म्हणजे माल मागवितांनाच आपण मर्यादा ओलांडलेली असते, आणि तीही हातांत मापाचा आंकडा न घेतां. म्हणून वाळू आली कीं कांट्याची पावती मागावी. तिच्यावर तीन आंकडे असतात: भरलेल्या गाडीचा, रिकाम्या गाडीचा, आणि दोहोंच्या वजाबाकीचा, म्हणजे मालाचा. लोक तिसराच पाहतात, कारण पैसे त्याचे द्यावयाचे असतात. पहिला आंकडा घेऊन गाडीच्या दारापाशीं जावें, आणि तेथें रंगविलेल्या आंकड्याशीं तो ताडून पाहावा. मात्र गाडी रिकामी होण्यापूर्वीं.